दिनदर्शिकेत आपली ओळ

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या दस्तऐवजीकरण शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला दिलेला विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ‘जुन्या कागदांतून घटना वेचणे आणि त्या विकी-दिनदर्शिकेसाठी मांडणे.’ मोर्चे काढायचे, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या, की संगणकापुढे बसून तारखा भरायच्या? प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन सल्ला केंद्रात काम करते. तिथे दारात उभी असलेली बाई आधी, कागद नंतर, हा क्रम मलाही मान्य आहे. तरी माझे म्हणणे असे की हे काम कारकुनी नाही. कोणी काय केले हे ठरवण्याचे हे काम आहे, आणि ते आपण केले नाही तर दुसरे कोणीतरी आपल्या वतीने करते.

विकी म्हणजे संगणकावरची सामायिक वही. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, आणि कोणी काय बदलले याची नोंद आपोआप राहावी, अशी तिची रचना. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसाचे एक पान आहे. त्या पानावर त्या दिवशीच्या ठळक घटना, जन्म, मृत्यू आणि दरवर्षी पाळले जाणारे दिवस असे भाग असतात. शाळेच्या फळ्यावर ‘आजचा दिनविशेष’ लिहिणारी मुले मोबाईलवर अशीच पाने उघडून उतरवून घेतात. कोणतेही पान उघडून बघा. लढाया, राज्याभिषेक, करार, विमानांचे अपघात, क्रिकेटचे विक्रम भरपूर सापडतील. बायका किती सापडतात, आणि सापडल्या तर जन्म-मृत्यूच्या यादीतच सापडतात की घटनांच्या यादीतही, हे तुम्ही स्वतः मोजा. आपल्या गटात हा एक चांगला खेळ होतो.

दिनदर्शिकेची ओळ फार कडक असते. तिला चार गोष्टी लागतात: कधी, कोणी, काय, कुठे. शिवाय पाचवी, कशाच्या आधारे. आता आपल्या खोकी-पेट्यांतले कागद आठवा. पत्रके, बैठकांची इतिवृत्ते, जावक वही, कात्रणे, मागे काही न लिहिलेले फोटो. त्यात वाक्ये कशी असतात? ‘दारूबंदीसाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेण्यात आला. महिलांची उपस्थिती लक्षणीय होती. तहसीलदारसाहेबांनी निवेदन स्वीकारले.’ मोर्चा कोणी नेला? ‘नेण्यात आला’. अख्ख्या उताऱ्यात माणूस एकच, तहसीलदारसाहेब! हे आपणच लिहिले आहे. म्हणून वेचणे म्हणजे नुसती नक्कल नाही, त्या वाक्याला कर्ता परत मिळवून देणे आहे.

तारीख

पहिली अडचण तारखेची. पत्रकावर वर्ष नसते, कारण पत्रक त्याच आठवड्यात वाटायचे असते. ‘शनिवार, ८ मार्च, सकाळी दहा’ एवढेच. पण वार असेल तर वर्ष शोधता येते. १९८० ते २००० या काळात ८ मार्चला शनिवार तीनदाच आला: १९८०, १९८६ आणि १९९७. मग मजकूर बघायचा. बलात्काराच्या खटल्याचा फेरविचार करा अशी मागणी असेल तर १९८०, कारण त्या वर्षी ८ मार्चला अनेक शहरांत याच मागणीसाठी निदर्शने झाली. निवेदनाची प्रत असेल तर जावक वहीत क्रमांकासमोर तारीख मिळते. कात्रणावर तारीख नसेल तर मागच्या बाजूची जाहिरात, सिनेमाचे नाव बघा.

जुन्या मराठी नियतकालिकांवर शक आणि तिथी असते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र पौष-माघ-फाल्गुनातली घटना १ जानेवारीनंतरची असेल तर ७९ मिळवावे लागतात. पंचांग बदलले की तारीख बदलते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९१७ मध्ये पेत्रोग्राडच्या कामगार बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा रशियातल्या कॅलेंडरवर २३ फेब्रुवारी होती. बाकी बहुतेक युरोपात त्या दिवशी ८ मार्च होता. एकच दिवस, पण दोन पानांवर जाऊ शकतो. आपण नोंद करताना मूळ तारीख आणि बदललेली तारीख, दोन्ही लिहायच्या.

कायद्यांच्या बाबतीत तर घोटाळा फारच होतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली १३ सप्टेंबर २००५ रोजी आणि तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. मध्ये तेरा महिने गेले. संमती मिळाली म्हणून त्या दिवशी कोणी बाई या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकत नव्हती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा, कायद्याला संमती २२ एप्रिल २०१३ ची आणि अंमल ९ डिसेंबर २०१३ पासून. नुसते ‘कायदा झाला’ असे लिहू नका. संमती, निकाल, अंमल यांपैकी काय झाले ते लिहा. हे अंतर डोळ्यांसमोर आले की सोळा वर्षे आपण काय करत होतो हेही विचारले जाते.

आणि एक सक्त नियम. फक्त वर्ष माहीत असेल तर फक्त वर्षच लिहा. संगणकाचे काही तक्ते नुसते वर्ष भरले की आपल्याच मनाने १ जानेवारी घालतात. मग ती तारीख एकीकडून दुसरीकडे जाते आणि दहा वर्षांनी लोक त्या दिवशी हार घालू लागतात! महागाईविरोधी समितीच्या बायकांनी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले ते १९७२ पासून. तो काही एक दिवस नव्हता. अशा नोंदीची जागा वर्षाच्या पानावर आहे, दिवसाच्या नाही.

कर्ता

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. घटना १९७२ ची. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना १५ सप्टेंबर १९७८ रोजी निर्दोष सोडले. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० च्या जानेवारीत मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला निदर्शने झाली. पुढे फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २५ डिसेंबर १९८३ पासून अमलात आली.

दिनदर्शिकेत यातली एकच ओळ गेली तर ती कोणती जाईल? बहुधा शेवटची: ‘१९८३ – बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती लागू.’ वाचणाऱ्याला वाटेल सरकारला एके दिवशी सुबुद्धी सुचली. चार दिवसांच्या चार पानांवर चार ओळी गेल्या आणि त्या एकमेकींना जोडल्या, तर निकालापासून दुरुस्तीपर्यंतच्या पाच वर्षांत कोणी काय केले ते दिसते. विकीवर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याचा दुवा देता येतो. छापील कॅलेंडरात ही सोय नाही. आपण तिचा फायदा घेतला पाहिजे.

२६ मार्च १९७४ ची ओळ ‘चिपको आंदोलन झाले’ अशीही लिहिता येते आणि ‘रैणी गावात गौरादेवी आणि इतर बायकांनी झाडे तोडायला आलेल्यांना अडवले’ अशीही. शब्द थोडेच वाढतात. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित वर्गातील स्त्रियांची परिषद झाली, ‘डॉ. आंबेडकरांनी मार्गदर्शन केले’ हे बरोबरच आहे. पण अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे त्या ओळीत आले पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढले, ते आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन भेटून. आज आपण कागदातून वेचतो, त्या वेळी त्यांनी बायकांच्या आठवणींतून वेचले. जिथे कागद नाही तिथे अजूनही तोच मार्ग आहे, आणि म्हाताऱ्या मावश्या आपल्यासाठी थांबणार नाहीत.

नाव आणि गाव

इतिवृत्तात ‘सरपंचांच्या सूनबाई’, ‘गुरुजींच्या मिसेस’ अशी नावे असतात. ती तशीच उचलू नका. गावात जा, विचारा. एकाच बाईची दोन-तीन नावे असतील तर सगळी नोंदवा. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाला डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचे माहेरचे नाव यमुना. डॉ. रखमाबाई इंग्रजी कागदांत ‘रुखमाबाई’ होतात. शोधणारीने कोणतेही नाव टाकले तरी ती सापडली पाहिजे.

गावाचेही तसेच. १९७२ चे देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. त्याच सुमारास शहाद्याच्या आदिवासी बायकांनी श्रमिक संघटनेबरोबर दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लढा उभारला, तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये. १९७४ चे रैणी उत्तर प्रदेशात, आताचे उत्तराखंडात. तेव्हाचा जिल्हा एका रकान्यात, आजचा दुसऱ्या रकान्यात.

काय वेचायचे नाही

इथे थोडे थांबते, कारण इथे चूक झाली तर ती एखाद्या बाईच्या जिवावर बेतू शकते. देसाईगंजचा खटला कायद्याच्या पुस्तकात आरोपीच्या नावाने आहे, पण लोकांच्या तोंडी तो त्या मुलीच्या नावाने आहे. आपणही तिच्या नावाने घोषणा दिल्या, प्रेमाने दिल्या. १९८३ च्या त्याच दुरुस्तीने बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे गुन्हा ठरवले. १ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. ११ डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नावच नव्हे, ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये असे बजावले आहे. स्त्रीने स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. म्हणून मी ‘देसाईगंज प्रकरण’ म्हणते आणि तुम्हीही म्हणावे अशी विनंती करते.

नाव गाळले म्हणजे भागले असे नाही. गाव लहान असेल तर तारीख आणि गाव मिळूनच नाव होते. ‘अमुक वाडी, अमुक तारीख, विवाहितेला जाळण्याचा प्रयत्न’ एवढे लिहिले की त्या वाडीत कोणाला काय विचारायचे राहिले? ती बाई कदाचित आज त्याच घरात नांदते आहे, तिची मुलगी शाळेत जाते आहे. म्हणून आमच्या केंद्रात आम्ही ठरवले: अत्याचाराची तारीख दिनदर्शिकेत घालायची नाही, लढ्याची घालायची. मोर्चाची, निकालाची, कायद्याची, परिषदेची. आणि सल्ला केंद्राच्या केस-फायली वेचण्याच्या टेबलावर आणायच्याच नाहीत, कुलूप उघडायचेच नाही. बाईने आपल्याला सांगितले ते मदतीसाठी सांगितले, इतिहासासाठी नाही.

विकीवर ही काळजी दुप्पट. ओळ खोडली तरी जुनी आवृत्ती पानाच्या इतिहासात शिल्लक राहते. ती लपवायला प्रचालकाला विनंती करावी लागते आणि तोवर ती कोणीही वाचलेली असते. म्हणून लिहिण्याआधी दोघींनी वाचायचे. एकीने तारीख-आधार तपासायचा, दुसरीने फक्त एवढेच बघायचे की यातून कोणाची ओळख पटते का.

मांडणी

आता तंत्र थोडक्यात. आधी विकीवर जायचे नाही. आधी तक्ता. त्यात रकाने असे: तारीख, तारखेची खात्री (दिवस, महिना की नुसते वर्ष), कोणी, काय केले, तेव्हाचे ठिकाण, आजचे ठिकाण, आधार व पान क्रमांक, उघड करावे की नाही. वहीत आखला तरी चालेल. संगणकावर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा: २००६-१०-२६. असे लिहिले की ओळी आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. ‘८/३/८०’ असे लिहू नका, अमेरिकेत ते ३ ऑगस्ट होते. एका तक्त्यात मराठी आकडे किंवा इंग्रजी आकडे, कोणते तरी एकच. संगणकाला ते एकच आकडे आहेत हे कळत नाही.

नव्वदच्या दशकातले आपले अंक, पुस्तिका ज्या टंकांत अक्षरजुळणी झाल्या, ते टंक आजच्या युनिकोडशी जुळत नाहीत. फाईल उघडली की अगम्य अक्षरे दिसतात. घाबरून फेकू नका. रूपांतर करणारी साधने आहेत. त्यानंतर छापील प्रत शेजारी ठेवून वाचा, विशेषतः जोडाक्षरे आणि आकडे. कागदाचा फोटो काढून संगणकाकडून अक्षरे ओळखवून घेतली तर १ आणि ९ पुन्हा पुन्हा तपासा. १९८१ आणि १९८९ यांत आठ वर्षांची चळवळ आहे.

तक्त्यातून विकीची ओळ करणे मग सोपे. सुरुवातीला तारांकन, दुहेरी चौकटी कंसात वर्ष, आडवी रेघ आणि एक वाक्य. एका ओळीत एकच घटना. ‘ऐतिहासिक’, ‘भव्य’, ‘अभूतपूर्व’ हे शब्द काढून टाका. आकडा द्यायचा तर कोणाचा ते सांगा, संघटनेचा की पोलिसांचा. कोणाच्या लेखातले वाक्य जसेच्या तसे उचलू नका. घटना कोणाच्या मालकीची नसते, वाक्य असते.

आधार प्रकाशित झालेला लागतो. आपली हस्तलिखित वही तिथे पुरत नाही, आणि आपल्या संघटनेबद्दल आपणच लिहिणे विकीवर बरे मानले जात नाही. त्यावर माझी सूचना अशी. हे त्रैमासिक छापले जाते. त्याने प्रत्येक अंकात एक पान ‘घटनासूची’साठी द्यावे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या गटांनी आपापल्या तपासलेल्या ओळी पाठवाव्यात आणि संपादक मंडळाने त्या आधार बघून छापाव्यात. मग एका गटाच्या ओळी दुसऱ्या गटातल्या बाईने विकीवर नेता येतील. पुण्याच्या परिषदेची ओळ नागपूरच्या मैत्रिणीने लिहावी, शहाद्याची मुंबईच्या.

सगळ्याच ओळी विकिपीडिया घेणार नाही. तालुक्याच्या गावातले धरणे त्यांना ‘उल्लेखनीय’ वाटणार नाही. कोणी ओळ काढून टाकली तर चर्चा पानावर आधारासह विचारा, भांडू नका. तरीही नाही टिकली तर ती आपल्या स्वतःच्या दिनदर्शिकेत राहील. विकीची आज्ञावली मोफत आहे, आपल्या संघटनांची एक सामायिक विकी उभी करता येते. तिथे उल्लेखनीय काय ते आपण ठरवू.

शेवटी, आज काय न्यायचे ते सांगते. प्रत्येक गटाने एकच दिवस घ्यावा. मी २५ डिसेंबर सुचवते. १९२७ साली त्या दिवशी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, आणि त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. १९८३ साली त्याच तारखेला बलात्कारविषयक दुरुस्ती लागू झाली. हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळणाऱ्या कितीतरी जणी इथे बसल्या आहेत. तुमच्या गावात त्या दिवशी काय होते, पहिल्यांदा कोणत्या वर्षी झाले, पुढाकार कोणत्या बायकांनी घेतला, त्यांना नाव छापलेले चालेल का, हे विचारून या. खोक्यातला एक कागद आणि एक छापील आधार घेऊन या. पुढच्या अंकाच्या मुदतीआधी प्रत्येक गटाच्या पाच तपासलेल्या ओळी आल्या, तर घटनासूचीचे पहिले पान भरते.

आता प्रश्न विचारा. तांत्रिक अडचणींसाठी जेवणानंतर आपण तीन-तीनच्या गटांत बसणार आहोत, आपापले कागद बरोबर ठेवा.